पंगतीतला पोकर

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि देशातली पोकरची ॲप्स बघता बघता मुकी झाली. रात्री जेवणं उरकून, अंथरुणात पडल्या पडल्या चार-चार टेबलं उघडणाऱ्या मंडळींना आता पैसे लावायचेच तर गोव्याची गाडी पकडावी लागते आणि मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोच्या बोटीवर चढावं लागतं. निघणाऱ्याला जे सल्ले मिळतात ते सगळे तोंडाबद्दलचे. चेहरा कोरा ठेव, समोरच्याच्या डोळ्यांत बघ, काळा चष्मा घे. स्वारी पोकर खेळायला चालली आहे की मुलगी बघायला, असा प्रश्न पडावा. पण पडद्यावरून टेबलावर जाताना खरं बदलतं ते घड्याळ. पडद्यावरचा पोकर म्हणजे बुफे आणि टेबलावरचा पोकर म्हणजे पंगत. बुफेत तरबेज असलेला माणूस पंगतीतून उपाशी उठतो, कारण त्याला वाढून घ्यायची सवय असते, वाढप्याची वाट बघायची नसते.

याला हिशेबाचा आधार आहे. टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात आणि ५२ पानांतून दोन-दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यांतल्या एक्क्यांच्या फक्त सहा. म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा हे पक्वान्न पानात पडणार. ऑनलाइन एका टेबलावर तासाला ७०-८० डाव सहज होतात. चार टेबलं उघडली की ३००, म्हणजे एक्के तासाला एकदा तरी दर्शन देऊन जातात. बोटीवर डीलर पानं पिसणार, वाटणार, एकजण चिप्स दोनदा मोजणार, दुसरा दचकून ‘माझी पाळी का?’ विचारणार. तासाला डाव होतात २५ ते ३०. त्याच एक्क्यांसाठी आता आठ-नऊ तास. पावसाळा नसेल तर तेवढ्यात वंदे भारत मुंबईहून मडगावला पोचते. मग तिसऱ्या तासाला बुफेवाल्याच्या पोटात कावळे ओरडू लागतात आणि राजा-सत्ती ही जोडी त्याला देखणी दिसू लागते. जिलबी येण्याआधी जो कोशिंबिरीवर पोट भरतो, त्याची जिलबी आल्यावर जी गत होते तीच याची होते. एक्के येतात तेव्हा समोर लावायला चिप्स उरलेल्या नसतात.

बरं, भूक त्याला एकट्यालाच लागलेली नसते. शेजारचा तिकीट काढून, खोली घेऊन, बोटीचं प्रवेशशुल्क भरून आलेला आहे. तो काही पानं टाकून द्यायला आलेला नाही. ऑनलाइन ब्लाइंडच्या, म्हणजे पानं बघण्याआधीच लावायच्या सक्तीच्या रकमेच्या, दोन-अडीच पट रक्कम लावली की बहुतेक जण मुकाट्याने बाजूला होतात. टेबलावर चौपट-पाचपट लावली तरी चारपाच जण ‘बघू तरी’ म्हणत मागून येतात. इथेच जुनं गणित कोलमडतं. एक्क्यांची जोडी एकाच अनोळखी हातासमोर शंभरात ८५ वेळा जिंकते, पण कसलीही पानं घेऊन पाच जण आले तर जेमतेम ४९ वेळा. म्हणून चांगल्या पानांवर रक्कम मोठी लावायची आणि ब्लफ जवळजवळ विसरायचा. ब्लफ ही थाप आहे, आणि थाप पचण्यासाठी ऐकणाऱ्याला थोडी अक्कल लागते. कॉल करायचं, म्हणजे समोरच्याइतकीच रक्कम लावायचं, ठरवूनच बसलेल्या माणसाला थाप मारणं म्हणजे झोपलेल्याला कोडं घालणं.

यावर हुकमाचं पान म्हणून कुणीतरी ख्रिस मनीमेकरचं नाव टाकणारच. आडनाव खरंच तसं आहे. अमेरिकेतल्या टेनेसीचा हा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता स्पर्धा जिंकून २००३ मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत गेला, तिथे ८३८ जणांना पुरून उरला आणि २५ लाख डॉलर घेऊन परतला. शेवटच्या लढतीत त्याने सॅम फार्हासमोर सगळ्या चिप्स ढकलून जगप्रसिद्ध ब्लफ मारला. हातात काय होतं? राजा आणि सत्ती! आक्षेप चोख आहे. फक्त टेबलाच्या पलीकडे कोण होतं ते बघा. फार्हा मुरलेला व्यावसायिक होता. टेबलावरच्या पानाशी नव्वीची जोडी जुळलेली असूनही त्याने विचार केला, ताळा मांडला आणि पानं टाकली. थाप पचली ती फार्हाला विचार करता येत होता म्हणून. त्याच्या जागी लग्नाचा वाढदिवस साजरा करायला बोटीवर आलेले एखादे काका असते, तर त्यांनी नव्वीच्या जोडीवर डोळे मिटून कॉल केला असता आणि मनीमेकर बहुधा हिशेब लिहायला घरी गेला असता. शिवाय स्पर्धेत ब्लाइंड चढत जातात, वाट बघणाऱ्याच्या चिप्स त्यातच झिजतात. रोजच्या कॅश टेबलावर ते चढत नाहीत. तिथे धीराला भाडं कमी पडतं.

दुसरा आक्षेप चेहरेवाल्यांचा. माइक कॅरोने १९८४ मध्ये खेळाडूंच्या खाणाखुणांवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते काय उगाच? उगाच मुळीच नाही. पानं भारी असली की माणूस सुस्कारे सोडतो आणि हलकी असली की छाती काढतो, हे त्याचं मुख्य निरीक्षण आपल्याकडे उधारी मागायला गेलेल्या कुणालाही पटेल. पण या खुणा दिसतात कधी? आपण पानं टाकून रिकामे बसलेलो असतो तेव्हा. म्हणजे चेहरे वाचायलाही आधी स्वस्थ बसता आलं पाहिजे. बुफेवाला मात्र पानं टाकली रे टाकली की खिशातून मोबाइल काढतो. समोर नऊ माणसं फुकट उघडी पुस्तकं होऊन बसलेली, आणि हा कुणाच्या तरी पुतणीच्या बारशाचे फोटो बघणार. काळ्या चष्म्याचा त्याला एवढाच उपयोग, की जांभया अर्ध्या झाकल्या जातात.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: नुसतं बसायचंच तर घरी काय वाईट? याला माझ्याकडे तोडीचं उत्तर नाही. दर पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, आपला वाटा काढून घेणारा कॅसिनो हाच त्या पंगतीतला एकमेव पोटभर जेवणारा. धीराने नफा होईलच असं नाही, तोटा सावकाश होतो एवढं खरं. या कलेतला आदर्श शोधायचा तर नदीवर जायलाच नको. १९७६ मध्ये गोव्याने जुगारबंदीचा कायदा केला आणि नव्वदच्या दशकात त्यातच दुरुस्त्या करून कॅसिनोंना वाट दिली. त्याच १९७६ मध्ये महाराष्ट्राने कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा केला आणि एकही कॅसिनो येऊ न देता २०२३ मध्ये तो रद्द करून टाकला. तब्बल ४७ वर्षं पानं हातात धरली, एक चिप पुढे सरकवली नाही, चेहऱ्यावर रेषा हलू दिली नाही आणि शेवटी शांतपणे डाव सोडला. मंत्रालयात फाइल ज्याने एकदा तरी पाठवली आहे, त्याला समोर कोण बसलंय हे आधीच कळलं असतं.