रोज मोजतो जी!

दादाजी मेडिकलमधून गोळ्या घेत नाहीत, पंचनामा करून ताब्यात घेतात. आधी काउंटरची काच दुपट्ट्यानं पुसतात, गोळ्यांचे पत्ते उताणे मांडतात, चष्मा कपाळावर चढवतात (चष्म्यातून त्यांना कमी दिसतं) आणि एकेक फुगा बोटानं दाबत मोजायला लागतात. मागं कोणाच्या पोराला ताप असतो, कोणाला जाम चौरस्त्यावर जाऊन नागपूरची गाडी धरायची असते. पण मधातच कोणी "सरका ना जी थोडे" म्हटलं, की मोजणी चुकते, आणि चुकलेली मोजणी दादाजी पुन्हा एकपासून सुरू करतात. समुद्रपुरात हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यांच्यामागची रांग श्वासही जपून घेते.

असा मोजणीवाला प्रत्येक तालुक्याच्या गावाला असतो. कुठं तो रिटायर मास्तर असतो, कुठं एसटीतला कंडक्टर. आमचे दादाजी कास्तकार आहेत, आणि रोगाचं मूळ तिथंच आहे. उभी हयात त्यांनी कापूस हिंगणघाटच्या बाजारात नेला. इंग्रजांच्या काळात हिंगणघाटचा कापूस विलायतेतल्या व्यापाऱ्यांना नावानिशी माहीत होता, असं त्यांना एकदा सांगितलं, तर त्यांनी पहिलं हेच विचारलं, "तिथं काटा कोनाचा होता?" घरून निघताना भरलेली गाडी बाजारात पोचेपर्यंत हलकी होते, ओलाव्याचं थोडं कटतं, कवडीचं थोडं कटतं, आणि उरलेलं का कटलं ते विचारायचं नसतं. गोळी हा त्यांना भेटलेला पहिला माल, जो काट्याविना मोजता येतो. ते ही संधी सोडतील कशी?

गंमत अशी, की मोजणीत चूक क्वचितच निघते. कंपनीचा पत्ता दहाचा म्हणजे दहाचाच. एखादा फुगा रिकामा निघालाच, तर त्या दिवशी दादाजी घरी एक भाकर जास्त खातात. खरी चूक असते गुणाकारात. चिठ्ठीवर औषध एकूण किती द्यायचं ते लिहिलेलं असावं, असं 1945 च्या औषध नियमांतच आहे. डॉक्टर मात्र "1-0-1, एक महिना" एवढं लिहून मोकळे होतात, आणि महिना किती दिवसांचा, हे ठरवते कंपनी. बीपीची गोळी पंधराच्या पत्त्यात, साखरेची कधी दहाच्या तर कधी वीसच्या, आणि रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिन चौदाच्या. काउंटरवरचा पोरगा घाईत पंधराचे दोन पत्ते टाकतो. एकवेळच्या गोळीला ते महिनाभर पुरतात, दोनवेळच्या गोळीचे पंधरा दिवसांत संपतात, आणि गाव म्हणतं, "औषध लागू नाही पडलं."

दादाजी तशी वेळ येऊ देत नाहीत. अ‍ॅस्पिरिनचे दोन पत्ते मोजून त्यांनी पोराला विचारलं, "अठ्ठावीस. महिना तीसचा. मंग मंधातले दोन दिवस रक्त घट्ट झालं त चालते का?"

"दादाजी, फेब्रुवारी समजा ना जी."

"मले बिल फेब्रुवारीचं नाही देल्लं तू."

अमेरिकेत म्हणे औषधवाला मोठ्या डब्यातून सुट्या गोळ्या ताटलीत ओतून, पट्टीनं पाच-पाच सरकवत मोजून देतो. हे मी दादाजींना सांगितलेलं नाही. त्यांनी शेत विकून पासपोर्ट काढला असता. इथं सुटी बाटली मिळते ती म्हातारीच्या थायरॉइडच्या गोळ्यांची. सीलबंद, वर छापील आकडा. दादाजींनी ती सुपात ओतली. त्या गोळीला हवेतला ओलावा आणि उजेड सोसत नाही, हे त्यांना कोण सांगणार? म्हातारी तेवढी म्हणाली, "आता पाखडून बी घ्या. खडे निंगतीन."

एकदा मात्र त्यांच्यापुढे सगळी रांग खरोखर गार पडली. शेजारची बाई सांधेवाताच्या गोळ्या घेऊन निघाली होती. दादाजी दुसऱ्याच्याही गोळ्या मोजून देतात, फुकट. तिच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा होती, आणि सोबत फोलिक अ‍ॅसिड, ते उरलेल्या दिवशी. पोरानं आकडे उलटे टाकले: जी आठवड्याची, ती तीस, जी रोजची, ती चार. पाकिटावरही तसंच लिहिलं. दादाजींना या दोन नावांतलं एक अक्षर कळत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, डाक्तर तुले काय बोलला?" "एक इतवारच्या इतवारी घ्याची म्हने." "मंग महिन्यात तीस इतवार कुठून आनते हा?" मेडिकलचा मालक आतून जेवणाचा हात तसाच घेऊन धावत आला, कारण ती गोळी रोज पोटात गेली तर अंगातलं रक्त बनणंच बंद पडतं आणि माणूस दगावू शकतो. त्यानं दोन्ही पाकिटं बदलून दिली, दादाजींच्या पाया पडला. दादाजी म्हणाले, "ते राहू दे. हा पत्ता तू एक्सपायरीच्या बाजूनं काऊन कापला?"

तेव्हापासून त्यांचा भाव वाढला आणि मालकाचं वजन घटलं. कारण दादाजी जास्तीची गोळीही परत आणतात. कमी गोळीचं भांडण पाच मिनिटांत मिटतं. जास्तीच्या गोळीला दुपार लागते. कापलेल्या पत्त्यातली एकटी गोळी कॉम्प्युटरच्या साठ्यात कुठं बसवायची? मालक म्हणतो, ठेवा तुमच्याजवळच. दादाजी म्हणतात, मी चोर नव्हं, वापसीची पावती दे. आमच्या तालुक्यात गिरडच्या टेकडीवर फरीदबाबानं व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड केले आणि वाळल्या पानांतून त्यांना नवा माल दिला, अशी कथा आहे. मालक अशा वेळी गिरडच्या दिशेला हात जोडतो.

नातवानं त्यांना सात कप्प्यांचा डबा आणून दिला. त्या डब्याच्या एका भावंडाची सुरुवात नवराबायकोच्या कटकटीतून झाली. बायकोनं गोळी घेतली की नाही यावरून घरात वाद नको म्हणून डेव्हिड वॅग्नर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं 1962 च्या सुमारास वारांप्रमाणे फिरणारी चकती केली, आणि 1963 मध्ये तशाच चकतीतून गर्भनिरोधक गोळ्या बाजारात आल्या. दादाजींनी डबा हलवून पाहिला आणि म्हातारीला सुपारी ठेवायला दिला.

परवा डॉक्टरनं त्यांचं बीपी मोजलं आणि पट्टा पुन्हा आवळून परत मोजलं. वरचा आकडा 180.

"दादाजी, गोळी घेता ना बरोबर?"

"घेतो ना जी. मोजून घेतो."

"रोज?"

"मोजतो रोज," दादाजी म्हणाले, आणि बंडीच्या खिशातून तीन महिन्यांचे पत्ते काढून टेबलावर मांडले. "पाहा, एक बी कमी नाही."