केसभर फट

ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली, की पहिली पाडापाडी खरं तर ड्रॉइंगच्या फाइलमध्ये व्हायला हवी. तिथे मात्र कुणी हात लावत नाही. मागच्या कामाच्या फाइलवर नवी रेघ, तिच्यावर आणखी एक, आणि कोपऱ्यात दोन भिंतींमध्ये केसभर फट. पडद्यावर सगळं झकास दिसतं. पण ऑटोडीसीआरसारखी नकाशे तपासणारी प्रणाली चित्र बघत नाही, बंद पॉलिलाइन मोजते. फट राहिली तर तिच्या लेखी ती खोलीच नाही, मग क्षेत्रफळ कुठलं? वागळे इस्टेटमधलं लेझर मशीनही तितकंच आज्ञाधारक: एकावर एक दोन रेघा दिल्या, तर तोच पत्रा दोनदा कापतं. यावर ठरलेलं उत्तर, ‘फाइल एक्स्पोर्ट करतानाच बिघडते.’ बिघडते कधीकधी, मान्य. स्प्लाइनचे तुकडे पडतात, मिलिमीटरचे इंच होतात. पण डीएक्सएफ या एक्स्पोर्टच्या फाइल-स्वरूपाचा जन्म 1982 चा, म्हणजे ते ठाणे महापालिकेच्याच वयाचं. कागदावर नसलेलं समजून घ्यावं, अशी अपेक्षा या दोघांकडून कशाला? ‘वेळ नाही’ हा आक्षेप त्यापेक्षा प्रामाणिक. जादा रेघा पुसणारी ‘ओव्हरकिल’ आज्ञा द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच फाइलला ‘फायनल_फायनल_3’ नाव द्यायला लागतो, आणि नाव तर रोज दिलं जातं.