कोचीनला असताना

आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, अप्पा केतकर राहतात. त्यांच्या आयुष्याचे तीन भाग आहेत: कोचीनच्या आधीचा, कोचीनचा आणि कोचीननंतरचा. मधला भाग अठरा महिन्यांचा. बाकीची साठपासष्ट वर्षं म्हणजे त्याची प्रस्तावना आणि परिशिष्ट.

1983 साली पुण्यातल्या एका कंपनीने तिथल्या गोदीत पंप बसवायला अप्पांना पाठवलं. पंप बसले, अप्पा परत आले, पण ‘कोचीनला असताना’ हे शब्द त्यांच्या जिभेवर जे बसले ते उठायला तयार नाहीत. पुण्यात चार थेंब पडले की, “हा काय पाऊस! कोचीनला असताना...” रिक्षावाल्याने सुटे नाहीत म्हटलं तरी, “कोचीनला असताना...” गोदीत बांधलेलं पहिलं जहाज ‘राणी पद्मिनी’ 1981 सालीच बाहेर पडलं होतं. अप्पा पोचले त्यानंतर दोन वर्षांनी. तरीही त्या जहाजाची गोष्ट सांगताना अप्पा हटकून डेकवर उभे असतात, आणि वारा त्यांच्या तेव्हाच्या केसांतून जात असतो. 1996 साली त्या शहराने आपलं नाव कोची करून घेतलं. अप्पांनी त्याला अजून मंजुरी दिलेली नाही.

ही जात तुमच्याही ओळखीची असणार. तीन महिने इंदूरला ट्रेनिंगला जाऊन आलेला माणूस जन्मभर आपल्या पोह्यांना नावं ठेवतो. जपानला तीन आठवडे काढलेला आमचा एक मामेभाऊ अजून बूट काढताना वाकून माफी मागितल्यासारखं करतो. उलट परगावी तीस वर्षं काढून आलेले लोक गप्प असतात. त्यांना तिथली पाणीपट्टीची रांग आठवते. अठरा महिने हा मात्र मोठा घातक काळ. प्रेम जडायला पुरतो आणि भांडण व्हायच्या आत संपतो.

अप्पांचं प्रेम जडलं ते अप्पमवर. ते ज्यांच्याकडे राहत त्या घरमालकीणबाई, अप्पांच्या भाषेत ‘अम्मच्ची’, दर रविवारी चर्चमधून आल्यावर अप्पम आणि इश्टू करायच्या. इश्टू म्हणजे साहेबाचा स्ट्यू; मल्याळी माणसाने त्याला नारळाच्या दुधात बुडवून, कढीलिंबाचा टिळा लावून घरात घेतला. अम्मच्चींच्या इश्टूत बटाट्याच्या जोडीला आणखी काय असायचं, याविषयी अप्पा सोसायटीत बोलत नाहीत. विचारलंच तर “भाज्या” म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात.

नोकरी होती तोवर हे सगळं तोंडी होतं. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात अप्पांनी माळ्यावरून एर्नाकुलमच्या बाजारातली लोखंडी अप्पचट्टी खाली काढली. दोन कानांची, खोलगट बुडाची, आपल्या फोडणीच्या कढईची थोरली बहीण म्हणावी अशी. तिच्यात इतकी वर्षं सुमावहिनी गणपतीच्या सजावटीचे खिळे ठेवत होत्या. अप्पांनी खिळे काढले, गंज घासला, तेल चोळून चोळून तिला काळी कुळकुळीत केली आणि जन्मात पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरले. शिरले म्हणजे त्यांनी ते ताब्यात घेतलं.

इथे वहिनींबद्दल सांगायला हवं. वहिनी वेंगुर्ल्याच्या. तांदूळ आणि नारळ या दोन गोष्टींवर त्यांचा पिंड पोसलेला. गौरीला घावन-घाटलं, पाहुणा आला की शिरवाळे आणि रस, हे त्यांनी परकर नेसत होत्या तेव्हापासून केलेलं. शिरवाळे म्हणजे केरळच्या इडिअप्पमचा सख्खा भाऊ, आणि घावन म्हणजे अप्पमचं आंबायला वेळ नसलेलं भावंड. या बाईंना अप्पांनी लग्नाच्या पस्तिसाव्या वर्षी ओट्यापाशी उभं करून नारळाचं दूध कसं काढतात ते समजावून सांगितलं.

मी तेव्हा साखर मागायला गेलो होतो.

“हे बघ,” अप्पा म्हणत होते, “पहिलं दूध घट्ट. त्याला म्हणायचं ओन्नाम पाल. मग चोथ्यात पाणी घालून दुसरं. पातळ. बटाटे शिजवायचे ते दुसऱ्या दुधात. पहिलं सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून. उकळी आली की फुटलं! कळलं?”

“कळलं,” वहिनी म्हणाल्या. आडाळ्यावर बसून त्यांनी तेवढ्या वेळात दोन नारळ खवून संपवले होते.

“आणि नारळ ताजा पाहिजे. कोचीनला असताना...”

“गप रवा,” वहिनी म्हणाल्या. वहिनी मालवणीत शिरल्या की अप्पाही घटकाभर गप्प राहतात. ती भाषा त्यांना कधी आली नाही. तिथे ते अठरा महिने राहिलेले नाहीत, नुसते जावई आहेत.

अप्पमचं खरं दुखणं म्हणजे पीठ. तांदूळ कच्चा हवा, उकडा चालत नाही. तो चार-पाच तास भिजवायचा, ओलं खोबरं आणि मूठभर शिळा भात घालून गंधासारखा वाटायचा. त्यातलंच थोडं पीठ पाण्यात शिजवून खळीसारखं करायचं, थंड झालं की परत त्यात मिसळायचं. याला म्हणतात कप्पी. ही कप्पी आहे म्हणून अप्पमच्या पोटाला तो लुसलुशीतपणा. मग रात्रभर आंबवण. आता घरोघरी चिमूटभर यीस्ट घालतात. जुन्या रिवाजाने तिथे माडी घालायची. यीस्टचं नाव काढलं की अप्पांच्या चेहऱ्यावर वधुपक्षाने आयत्या वेळी मुलगी बदलल्याचा भाव येतो.

पण पुण्यात माडी आणणार कुठून? अप्पांनी नीरा केंद्र गाठलं. नीरा सकाळची गोड आणि निष्पाप असते, पण उन्हात ठेवली की दुपारपर्यंत तिची नियत फिरते, हे त्यांना ठाऊक होतं. दोन बाटल्या आणून, झाकणं घट्ट लावून त्यांनी गॅलरीत ठेवल्या आणि विसरले. रात्री दीड वाजता पहिला बार झाला. वॉचमन काठी आपटत आला. दुसऱ्या बाराला सोसायटीचे चेअरमन पायजम्यावर आले, त्यांनी गॅलरीतला वास घेतला आणि दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: ‘सदनिकेत मादक पदार्थ तयार करण्यास मनाई आहे.’ नाव नव्हतं, पण ‘सदनिकेत’ हे एकवचन सगळ्यांना कळलं. अप्पांनी सूचनेखाली पेन्सिलीने लिहिलं: ‘किण्वन आणि ऊर्ध्वपातन यांतला फरक समजून घ्यावा.’

शेवटी यीस्ट आलं. वाण्याच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. ते डब्यांच्या मागे ठेवतात आणि विचारलं तर “तांदळातच गुण आहे” असं सांगतात.

त्यानंतर पुण्याची थंडी. कोचीनला रात्रीसुद्धा घाम पुसत झोपावं लागतं, तिथे पीठ आपोआप फुगतं. आमच्याकडे डिसेंबरात पारा दहाच्या आसपास घुटमळतो आणि पीठ आदल्या रात्री ठेवलं त्या जागी, त्या उंचीवर, त्या मनःस्थितीत सकाळी सापडतं. अप्पांनी उपाय केले. पातेलं गिझरखाली ठेवलं. दिवा लावून ओव्हनमध्ये ठेवलं. निवृत्तीच्या समारंभात मिळालेली शाल त्यांनी पहिल्यांदा कुणाला पांघरली असेल तर त्या पातेल्याला. पहाटे तीनला उठून ते झाकण उचलून बघत. वहिनी म्हणतात, “आमचा मुलगा तान्हा होता तेव्हा हे एकदासुद्धा उठले नाहीत.”

तर असा रविवार येतो. नऊचं बोलावणं असतं, पहिलं अप्पम साडेअकराला उतरतं. खोटं कशाला बोलू, ते बघण्यासारखं असतं. तापल्या चट्टीत मधोमध पळीभर पीठ. लगेच दोन्ही कान धरून चट्टी उचलायची आणि एकच वेढा द्यायचा. एकच. पिठाचा पातळ पापुद्रा भिंतींना चिकटतो, उरलेलं ओघळून मध्यात तळं होतं. वर झाकण. दोनेक मिनिटांत कडेला तांबूस कुरकुरीत जाळी आणि मध्ये पांढराशुभ्र, छिद्राछिद्रांचा गादीसारखा भाग. उलटायचं नाही. उलथणं दिसलं की अप्पा किंचाळतात. कुणी चुकून “अप्पे छान झालेत हं” म्हटलं की पुढचं अप्पम त्याला मिळत नाही. सात खड्ड्यांच्या बिडाच्या पात्रातल्या गोळ्यांशी अप्पमचा कसा संबंध नाही हे ऐकावं लागतं, आणि तोवर समोरचं गार होतं.

खायचेही नियम आहेत. आधी जाळी मोडायची, मग ती इश्टूत बुडवायची, गादी शेवटी. इश्टू पांढराच असतो. हळद नाही, तिखट नाही. आलं, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या, मिरे, दालचिनी, लवंग; कांदा परतायचा पण लाल करायचा नाही, आणि शेवटी वरून खोबरेल तेलाची धार. हे तेल पहिल्या रविवारी आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी ताटात पाहिलं आणि दचकून डोक्याला हात लावला. मी एकदा नकळत लिंबाचं लोणचं मागितलं. अप्पांनी मला काही म्हटलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. पंप उलटा बसवणाऱ्या हेल्परकडे असंच बघत असतील.

तिसऱ्या मजल्यावर लिजी राहायला आली तेव्हा आम्हाला वाटलं, आता सुटलो. खरीखुरी मल्याळी मुलगी, एका इस्पितळात नर्स. अप्पांनी जिन्यातच “मोळे!” अशी हाक मारली. मोळे म्हणजे पोरी. अप्पांचं मल्याळी एकूण अकरा शब्दांचं, त्यांतले चार आकडे. त्यातला दोनचा आकडा त्यांनी एकदा सोसायटीच्या सभेत मोठ्याने म्हटल्यापासून बायकांनी त्यांना मोजायला मनाई केली आहे.

लिजी म्हणाली, “काका, मराठीत बोला ना. माझा जन्म भोसरीचा.”

अप्पा कळवळले. आपल्या देशाची भाषा हरवलेली पोर बघून त्यांच्यातला अम्मच्चींचा भाडेकरू जागा झाला. त्यांनी तिला रविवारी बोलावलं आणि केरळ समजावून सांगितलं: पाऊस, बोटी, तीन प्रकारचं दूध. तिने नम्रपणे ऐकलं. तिच्या घरी अप्पम कसं करतात असं विचारल्यावर ती म्हणाली, “तयार पीठ मिळतं की काका, पिशवीत. आणि नारळाचं दूध खोक्यात. ड्यूटीवरून आल्यावर कोण वाटत बसणार? मम्मी तर नॉनस्टिकच वापरते.” अप्पांनी हातातली पळी खाली ठेवली. निघताना लिजीने वहिनींना हळूच विचारलं, “काकू, तुमच्याकडे ते कांदेपोहे असतात ना, ते कधी करता?” आता दर बुधवारी ती वहिनींकडे पोहे खायला येते. अप्पांना वाटतं, ती अप्पम शिकायला येते.

गेल्या वर्षी मुलाने दोघांना तिकिटं काढून दिली आणि अप्पा चाळीस वर्षांनी कोचीनला गेले. आम्ही मागे राहिलेल्यांनी धसका घेतला होता. अठरा महिन्यांच्या शिदोरीवर चाळीस वर्षं काढली, त्यात आता आणखी आठ दिवसांची भर!

परत आले तर अप्पा गप्प. एक रविवार गेला, दुसरा गेला. चट्टी खुंटीवर. शेवटी न राहवून मी वहिनींना गाठलं. त्या पोह्यांसाठी कांदा चिरत होत्या.

“फोर्ट कोचीतल्या एका खानावळीत गेलो,” वहिनी म्हणाल्या. “काउंटरलाच समोर एक पोरगा अप्पम करत होता. वीस-बावीसचा. हे त्याला म्हणाले, ‘चेट्टा,’ आणि पुढे ते सगळे शब्द. तो म्हणाला, ‘बैठिए ना अंकल.’ मुर्शिदाबादचा निघाला. तिथे सगळीकडे हल्ली बंगालची नाहीतर आसामची पोरं. आधी मोमो बनवायचा म्हणे.”

“आणि अप्पम?”

“एका हाताने चट्टी फिरवत होता, दुसऱ्या हातात मोबाइल. चट्टीकडे बघतसुद्धा नव्हता. जाळी अशी, की लेस लावून घ्यावी फ्रॉकला. यांनी पाच खाल्ली. मग विचारलं, कुठे शिकलास, किती दिवस लागले? तर म्हणाला, आठ.”

“आठ महिने?”

“दिवस. परतीच्या गाडीत मडगाव येईपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत.”

मला अप्पांची दया आली. वहिनींनी कांदा कढईत टाकला, दोनदा हलवला.

“चांगला होता पोरगा. निघताना माझ्या पाया पडला. वर्षभराने गावी परत जाणार आहे कायमचा. आईसाठी एक चट्टी घेऊन ठेवलीये म्हणाला.”

त्या आईचा विचार करत आम्ही दोघं थोडा वेळ गप्प बसलो.