आवळा, कांजी आणि कर्नलसाहेब

दिल्लीत धावायचा मोसम नेमका हवा बिघडते तेव्हाच येतो. 2017 साली इंडियन मेडिकल असोसिएशनने हाफ मॅरेथॉन पुढे ढकला म्हणून थेट हायकोर्ट गाठलं, तरी 19 नोव्हेंबरला हजारो माणसं धावलीच, काही तर तोंडाला मास्क बांधून. दमछाक करून घ्यायला दिल्लीकराला डॉक्टरची परवानगी लागत नाही.

आमच्या नोएडाच्या सोसायटीतही हिवाळा लागला की एक फौज धावायला निघते. सेनापती निवृत्त कर्नलसाहेब. धावून झाल्यावर बाकावर बसून ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’वर चर्चा. जोरात व्यायाम केला की स्नायूंत फ्री रॅडिकल वाढतात, हे खरंच. एक इलेक्ट्रॉन कमी असलेले हे रेणू, राजीव चौकात मेट्रोचं दार उघडल्यावर माणसं सीटवर तुटून पडतात तसे शेजाऱ्याच्या इलेक्ट्रॉनवर झडप घालतात. त्यात दिल्लीचा धूर छातीत गेला की बाहेरूनही कुमक. म्हणून या रॅडिकलना आवरायला अँटिऑक्सिडंट: कर्नलसाहेबांच्या थर्मासमध्ये आवळ्याचा रस, आणि खिशात सी आणि ई व्हिटॅमिनच्या गोळ्या.

गुरुग्रामहून येणारा एक तरुण मात्र ब्लूबेरी खातो. विमानाने आलेली डबी, किंमत विचारायची सोय नाही. ब्लूबेरीचा निळा रंग ज्या अँथोसायनिन नावाच्या अँटिऑक्सिडंटचा, तेच आपल्या जांभळात असतं. नवी दिल्लीच्या रस्त्यांवर जांभळीची झाडं ओळीने उभी आहेत, नगरपालिकेने त्या फळांचा लिलावही केलेला आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर फुकटचं अँटिऑक्सिडंट आपल्या चपलांना चिकटून घरी येतं. फरशी पुसताना सौ. त्याला जे म्हणते ते छापण्यासारखं नाही.

एकदा मी बाकावर 2009 सालचा एक जर्मन प्रयोग काढला. तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज सी व्हिटॅमिन 1000 मिलिग्रॅम आणि ई 400 युनिट. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्यांच्या शरीरात इन्सुलिनचं काम सुधारलं. गोळीवाल्यांना तो लाभ झालाच नाही. म्हणजे ही रॅडिकल मंडळी नुसती दंगेखोर नाहीत. ‘मालक घाम गाळतोय, तयारीला लागा’ हा निरोपही तीच देतात. निरोप्यालाच दारात अडवलं, तर तयारी कोण करणार?

बाकावर सन्नाटा. कर्नलसाहेबांनी खिसा चाचपला. “मतलब गोली बंद, कांजी चालू?”

कांजीचं श्रेय त्यांच्या पत्नीकडे. काळी गाजरं, मोहरीची पूड, मीठ, पाणी. बरणी बाल्कनीत चार दिवस उन्हात. झाकण उघडलं की मोहरीचा झणका थेट मेंदूत जातो. कांजीचा जांभळा रंगही अँथोसायनिनचाच. गोळीत ठासून भरलेलं व्हिटॅमिन आणि पेल्याभर कांजी यांत फरक असावा, असं माझं मत. पण मी ते मांडण्याआधीच माझ्या पेल्यात तिसऱ्यांदा ओतून झालेलं होतं.

परतफेड म्हणून रविवारी आम्ही सोलकढी नेली. कोकमातही अँथोसायनिन असतं, शिवाय गार्सिनॉल, वगैरे मी सांगत राहिलो. कर्नलसाहेबांनी पेला एका दमात रिकामा केला, मिशी पुसली आणि गंभीरपणे विचारलं, “यह पीने के लिए दौड़ना ज़रूरी है क्या?”