रस्ता करावा असा, की पुन्हा करता यावा

सरपंच, अभिनंदन. कानामागचा गुलाल अजून गेलेला नाही, फेट्यांचा ढीग खाटेवर तसाच पडलाय, आणि तुम्ही सकाळी सकाळी मोटारसायकल काढून गावातले रस्ते बघायला निघालात. पहिली चूक इथेच झाली. रस्ते बघायचे नसतात, मंजूर करून आणायचे असतात. दोन पंचवार्षिक मी सदस्य म्हणून काढल्या, त्यातली एक उपसरपंच म्हणून. त्या जोरावर हे पाठ देतोय. फी नाही. निवडणुकीत तुमचा खिसा किती हलका झालाय ते सगळ्या गावाला माहीत आहे.

पायरी पहिली : रस्ता कोणाचा नाही, ते ठरवा.

आधी आद्याक्षरं पाठ करा. ग्रा.मा. म्हणजे ग्रामीण मार्ग आणि इ.जि.मा. म्हणजे इतर जिल्हा मार्ग, हे दोन्ही जिल्हा परिषदेचे. प्र.जि.मा. म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, तो बांधकाम खात्याचा. गावठाणातल्या गल्ल्या तेवढ्या ग्रामपंचायतीच्या. खड्ड्याला यातलं काही कळत नाही, तो कुठेही पडतो. कोणी तक्रार घेऊन आला की त्याला खुर्ची द्या, चहा मागवा, आणि हळहळत म्हणा, "अहो, तो रस्ता आपल्याकडं येत नाही ना!" हे वाक्य आरशासमोर म्हणून बघा. हळहळ खरी वाटली पाहिजे.

आमच्या वेशीच्या कमानीखाली एक खड्डा आहे. कमानीच्या अलीकडे जिल्हा परिषद, पलीकडे बांधकाम खातं. दोन्हीकडचे साहेब टेप घेऊन येऊन गेले, आणि दोन्ही वेळा खड्डा निम्मा निम्मा निघाला. अर्धा खड्डा बुजवायची तरतूद कुठल्याच हेडात नाही.

पायरी दुसरी : ग्रामसभा घ्या, म्हणजे तहकूब करा.

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा गावोगाव अंगवळणी पडल्या आहेत. कोरमला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं लागतात, यातला जो आकडा कमी असेल तो. एवढी माणसं आणायची कुठून, म्हणून घाबरू नका. कोरम भरला नाही तर सभा तहकूब करता येते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे लोक आले नाहीत म्हणून काम अडत नाही, आले तर अडतं.

प्रोसिडिंगची काळजी भाऊसाहेब घेतील. शासनाने ग्रामसेवकाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलंय, पण गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं. सूचक, अनुमोदक, "साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते मंजूर", सगळं त्यांच्या हाताला बसलेलं असतं. चर्चा कोणी केली, हे विचारायचं नाही. साधक आणि बाधक अशी दोन माणसं आली होती असं समजा.

पायरी तिसरी : पैसा आणा.

पंचवीस-पंधरा, तीस-चोपन्न, पन्नास-चोपन्न हे मटक्याचे आकडे नव्हेत, लेखाशीर्षं आहेत. २५१५ मध्ये आमदारसाहेबांनी सुचवलेली गावातली कामं बसतात. ३०५४ दुरुस्तीचं, ५०५४ नव्या कामाचं. शहाणा माणूस दुरुस्ती मागत नाही. वित्त आयोगाच्या निधीतला बराच वाटा थेट ग्रामपंचायतीला येतो हे खरं, पण त्यातला मोठा भाग 'बंधित', म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला. उरलेल्या अबंधितावर सगळ्या सदस्यांचे डोळे असतात, तेव्हा तिथे फार जीव लावू नका.

खरी कला कामाच्या नावात आहे. 'मारुती मंदिर ते शाळा रस्ता काँक्रीटीकरण' एका हेडात टाका. 'शाळा ते मारुती मंदिर रस्ता काँक्रीटीकरण' दुसऱ्या हेडात टाका. मुलं शाळेत एका निधीतून जातील आणि दुसऱ्या निधीतून घरी येतील. तपासणीला कोणी आलंच तर त्याला रस्त्याच्या मधोमध उभं करा आणि दोन्हीकडे बोट दाखवा.

पायरी चौथी : ठेकेदार शोधू नका.

तो निकालाच्या दिवशी हार घेऊन आला होता. फोटोत तुमच्या डाव्या हाताला आहे बघा.

दहा लाखांचं काम त्याने पंचवीस टक्के बिलो भरलं, तर साडेसातात कसं परवडतं हे त्याला विचारू नका. माणूस अडचणीत येतो. गेलेली टक्केवारी रस्त्याच्या जाडीतून परत येते, एवढं ध्यानात ठेवा. अंदाजपत्रकात पंधरा सेंटीमीटर जाडी असते. तुम्ही हौसेने पट्टी घेऊन गेलात तर कडेला पंधरा भरेलही, कारण कडेची फळीच तेवढ्या उंचीची लावलेली असते. मधला मुरूम मात्र आधीच फुगवून, चोपून ठेवलेला असतो. काँक्रीट त्याच्यावरून भाकरीवरच्या तुपासारखं जातं.

पायरी पाचवी : क्यूब जपा.

काँक्रीटला ओतल्यानंतर पाणी पाजावं लागतं. मातीचे वाफे बांधून नाहीतर ओली गोणपाटं टाकून ते दिवसच्या दिवस ओलं ठेवायचं असतं. पण काम नेमकं मार्चमध्ये येतं. ३१ तारखेच्या आत बिल टाकायचं असतं, आणि मार्चमध्ये अर्धं गावच टँकरची वाट बघत असतं. अशा वेळी रस्त्याला पाणी मारणं माणुसकीला धरून नाही. एका सकाळी टँकर उभा करा, दोन बादल्या ओता, फोटो काढा आणि टँकर पुढे पाठवा.

क्यूबच्या बाबतीत मात्र हयगय नको. पंधरा सेंटीमीटरचा तो सिमेंटचा ठोकळा तपासणीला जातो. त्याच्यासाठी वेगळं घमेलं, वेगळी खडी, सिमेंट सढळ हाताने. मग त्याला सावलीत ठेवा आणि अठ्ठावीस दिवस हौदात पोहू द्या. माहेरी आलेल्या पहिलटकरणीचे एवढे लाड होत नाहीत. प्रयोगशाळेच्या यंत्राखाली तो चांगल्या गुणांनी पास होतो. रस्ता परीक्षेला बसतच नाही.

डांबरी काम असेल तर खालचा थर झाडून, वर पातळ डांबराचा हात दिल्याशिवाय कार्पेट धरत नाही. २०२३ साली जालना जिल्ह्यात गावकऱ्यांनी नवाकोरा रस्ता सतरंजीसारखा हाताने उचलून दाखवला. तो व्हिडिओ देशभर फिरला. गावकऱ्यांना रस्त्यापासून जरा लांब ठेवा.

पायरी सहावी :

ही पायरी अंदाजपत्रकात होती, प्रत्यक्षात झाली नाही. बिल निघालं आहे.

पायरी सातवी : फोटो आणि फलक.

हल्ली तीन फोटो लागतात, काम सुरू होण्याआधीचा, सुरू असतानाचा आणि संपल्यावरचा. त्यावर अक्षांश-रेखांश उमटलेले असतात. आधीचा फोटो सांभाळून ठेवण्याची गरज नाही. दोन वर्षांनी पुन्हा काढला तरी तसाच येतो. फलक मात्र दणकट करा. लोखंडी अँगल, दोन फूट खोल खड्डा, आणि पायात अस्सल एम-२० काँक्रीट. आमच्या गावात एम-२० कसं दिसतं हे कोणाला बघायचं असेल तर आम्ही फलकाच्या बुडाशी घेऊन जातो.

पायरी आठवी : नारळ जपून फोडा.

उत्तर प्रदेशात बिजनौरकडे २०२१ साली एका नव्या रस्त्याच्या उद्घाटनाला नारळ आपटला. नारळ शाबूत राहिला आणि रस्ता फुटला. तेव्हा फोडायला दगड घरून न्या. शाल, श्रीफळ, फेटे यांचा खर्च ठेकेदाराकडे असतो, म्हणजे शेवटी तोही जाडीतूनच.

पायरी नववी : देखभाल.

इथे नवे सरपंच हमखास घसरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रस्त्याला गाड्या मारत नाहीत, पाणी मारतं. मृगाच्या आधी दोन्ही बाजूंचे चर मोकळे केले, मोऱ्यांतला गाळ काढला, आणि ताटाएवढा खड्डा ताटाएवढा असतानाच चौकोनी कापून, झाडून, डांबर-खडी भरून धुमसून घेतला, तर रस्ता वर्षानुवर्षं टिकतो. चार माणसं, आठ दिवस, फावडी आणि घमेली, बस्स. पूर्वी बांधकाम खात्याचे मैलकुली हेच करायचे. प्रत्येकाला ठरलेला पट्टा असे. पावसाची पहिली सर आली की हा गडी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन चरात उतरलेला दिसायचा. आता तो दिसत नाही. पण मला सांगा, चरातला गाळ काढल्यावर नारळ कुठे फोडणार? गाळाच्या ढिगावर? 'यांच्या विशेष प्रयत्नातून मोरी मोकळी' असा फ्लेक्स तुम्ही कधी पाहिलाय?

आमच्याकडे मळ्याकडे जाणारा एक रस्ता आहे. बहात्तरच्या दुष्काळात बायाबापड्यांनी खडी फोडून केलेला, कडेला दगडी चर. त्या चरात आजही पाणी वाहतं आणि रस्त्यावरून उसाची ट्रॉली जाते. असा रस्ता विकासाला फार मारक. पन्नास वर्षं टिकला, म्हणजे पन्नास वर्षं त्या अंगाला निधीच आला नाही. तिकडचे मतदार नाराज असतात, आणि त्यांचंही बरोबर आहे.

तेव्हा देखभाल करूच नका. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्याच करारात असते. पाच वर्षं झाली हे ओळखावं कसं? फलकावरची तारीख पुसली गेली की झाली. यात्रेच्या आदल्या रात्री खड्ड्यांत मुरूम टाका. उन्हात त्याची धूळ होते, पावसात चिखल, आणि यात्रेत पालखी जाईपर्यंत तो रस्ता असतो.

राहता राहिली नळाची पाइपलाइन. जल जीवन मिशन २०१९ ला आलं. घरोघरी नळ जाणार हे तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे. आधी पाइप पुरून घेऊ, मग रस्ता करू, असं तुमच्या मनात येईल. मन आवरा. आधी रस्ता करा, उद्घाटन करा, रांगोळी वाळू द्या, आणि मग जेसीबी बोलवा. चर पूर्ववत करायची बाब पाइपवाल्याच्या अंदाजपत्रकात असते. तो त्यात माती लोटतो आणि म्हणतो, पाऊस पडला की बसेल. खरंच बसते. तुमच्या मोटारसायकलच्या चाकाएवढी खोल बसते.

मध्येच कोणीतरी दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकेल. मोजमाप पुस्तिकेची प्रत मागेल. घाईने उत्तर देऊ नका, कायद्यानेच तीस दिवस दिले आहेत. एकोणतिसाव्या दिवशी त्याला कळवा की कार्यालयात येऊन अभिलेख पाहावेत. तो येईल त्या दिवशी कपाटाची किल्ली भाऊसाहेबांकडे असते, आणि भाऊसाहेब पंचायत समितीत मीटिंगला.

पायरी दहावी : पायरी.

आमच्या गल्लीच्या तोंडाला एका आजीचं घर आहे. दाराला घडीव काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या होत्या. म्हाताऱ्याने स्वतः बसवलेल्या. आजी मधल्या पायरीवर बसून तांदूळ निवडायची आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायची. पहिल्या पंचवार्षिकला खडीकरण-डांबरीकरण झालं, खालची पायरी गेली. पुढच्या वेळी त्याच्यावर काँक्रीट आलं. जुना थर उखडून काढण्याची बाब अंदाजपत्रकात होती, ती सहाव्या पायरीसारखी झाली, आणि आजीची मधली पायरी गेली. तिसऱ्या वेळी, म्हणजे माझ्याच काळात, त्याच्यावर पुन्हा काँक्रीट. आता तिचा उंबरठा रस्त्याच्या वीतभर खाली आहे. घरात शिरताना ती एक पाय खाली सोडून चाचपते, विहिरीत उतरावं तशी. पावसाळ्यात दाराला मातीची पोती लावते आणि रात्री उठून उठून तांब्याने पाणी बाहेर फेकते.

ती एकदा पंचायतीत आली. म्हणाली, "रस्ता जरा खाली घेता येतोय का बघा, न्हायतर माझं घर वर उचला." मी खुर्ची दिली. सवयीने तोंडातून निघून गेलं, "आजी, तो रस्ता आपल्याकडं येत नाही ना."

"येतोय की बाबा," ती म्हणाली, "दर पंचवार्षिकला येतोय. अवंदा तर उंबऱ्याच्या आत आला."

भाऊसाहेबांनी चहा मागवला.