निवडणूकबाईंना अनावृत पत्र

मा. निवडणूकबाई,
(महाविद्यालयीन विद्यार्थी परिषद शाखा)
मुक्काम : कायद्याचे पुस्तक, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, 2016 साली महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने आपल्याला सन्मानाने परत बोलावले. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, एक राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी असे पानही वाढले. आपण मात्र अजून उंबरठ्यावरच. 2019 ला आपले वेळापत्रक ठरले होते. विधानसभेची निवडणूक तोंडावर आहे म्हणून ते पुढे गेले. मग कोरोना आला. तेव्हापासून आपल्या आगमनाच्या वावड्या दर जूनमध्ये उठतात आणि गणपतीपर्यंत विरतात. धाकटीने थोरलीसाठी थांबावे, ही घराची रीत झाली. पण थोरलीचे कार्य उरकले तरी धाकटीचा मुहूर्त निघेना, हे जरा अतीच.

आपण घर का सोडले, हे जुन्या मंडळींना आठवते. जीएस (सरचिटणीस), यूआर (विद्यापीठ प्रतिनिधी), एलआर (विद्यार्थिनी प्रतिनिधी), सीआर (वर्ग प्रतिनिधी) ही तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यावरची मानाची पदे होती. त्यांच्यापायी पैसा वाहू लागला, हाणामाऱ्या झाल्या आणि 1989 साली मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. त्याच्या कुटुंबावरचा आघात कोणत्याही विनोदाने हलका होणारा नाही. 1994 च्या कायद्याने आपल्याला निरोप दिला आणि गुणवत्तेला पाचारण केले. आदल्या परीक्षेत जो चमकला, त्याला प्राचार्यांनी वर्गाचा प्रतिनिधी नेमायचे. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलगी वसतिगृहातल्या गळक्या नळाबद्दल प्राचार्यांशी भांडेल, असा हिशेब असावा. ती भांडलीही असती, पण तिला नेमणारे तेच आणि तिच्या प्रॅक्टिकलचे गुण ज्यांच्या हाती, तेही त्याच स्टाफरूममधले.

गंमत पाहा. त्याच 1989 साली घटनेच्या 61 व्या दुरुस्तीने मतदानाचे वय 21 वरून 18 वर आणले. अठरा वर्षांच्या पोरापोरींना देशाचे सरकार निवडण्याची अक्कल आहे, यावर संसदेने शिक्कामोर्तब केले. महाराष्ट्राने एवढीच भर घातली की, ही अक्कल कॉलेजच्या फाटकाबाहेर वापरावी.

आपल्यावाचून काही अडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी मुंबई विद्यापीठाचे 2017 साल आठवावे. उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरले आणि त्याच उन्हाळ्यात, एका दमात, सगळ्या शाखांना लागू झाले. उत्तरपत्रिका सुमारे 17 लाख! एवढी घाई नको, असे प्राध्यापक सांगत होते. कुलपतींनी निकालांसाठी 31 जुलैची मुदत दिली, तीही टळली. विधी शाखेची मुले सप्टेंबरातही निकालाची वाट पाहत होती. पुढच्या प्रवेशांचे अर्ज अडले, परदेशी निघालेल्यांचे बेत कोलमडले. ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर केले गेले. या सगळ्यात उत्तरपत्रिका लिहिणाऱ्यांनी निवडून दिलेला एकही विद्यार्थी-प्रतिनिधी कुठल्या बैठकीत बसलेला नव्हता. बसला असता तर यंत्रणा सुरळीत चालली असती, असा दावा कोणी करू नये. आधी एका शाखेत करून बघू, एवढे तरी तो म्हणाला असता.

आपल्याबरोबर गोंधळ येतो, ही भीती खोटी नाही. 2024 मध्ये दिल्ली विद्यापीठात उमेदवारांनी भिंती, खांब, मेट्रोची स्थानके अशी काही रंगवली की, उच्च न्यायालयाने मतमोजणीच रोखली. आधी सफाई करा, मग निकाल घ्या. सप्टेंबरात पडलेली मते नोव्हेंबरअखेर मोजली गेली. म्हणजे घाण करणाऱ्याच्या हाती फडके देता येते. मतपेटी तीस वर्षे माळ्यावर टाकावी लागत नाही. शिवाय विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीचे नियम सर्वोच्च न्यायालयाने 2006 पासूनच लागू केले आहेत. उमेदवाराचा खर्च 5,000 रुपयांच्या आत, पंचाहत्तर टक्के हजेरी, छापील पोस्टर अजिबात नाही, हाताने रंगवलेले चालेल, तेही ठरवून दिलेल्या जागीच. (वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हात जोडून उभ्या असलेल्या सर्वपक्षीय भाऊ-दादांना हे नियम लावले, तर अर्ध्या चौकांत पुन्हा आकाश दिसेल.)

आणि भीती नेमकी कोणाला वाटते आहे? शरद पवार पुण्याच्या बीएमसीसी महाविद्यालयात असताना विद्यार्थी राजकारणात उतरले. नितीन गडकरी, देवेंद्र फडणवीस, विनोद तावडे अभाविपतून पुढे आले. ज्या शिडीने मंडळी माडीवर पोचली, ती वर ओढून घेतली आणि आता खाली बघून म्हणतात, हल्लीच्या पोरांना राजकारणात रसच नाही.

बाई, एकटेपण वाटू देऊ नका, आपल्या भगिनींचीही तीच गत आहे. शहरी भगिनी क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातल्या मतदारांच्या सभा, 2009 साली पालिका कायद्यात आल्या. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेचे पैसे हवे तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी अट होती. कायदा झाला, पैसे आले, सभा राहून गेली. पुढे 2022 च्या मार्चपासून तीन वर्षांहून अधिक काळ निवडणुका रखडल्याने मुंबई-पुण्यात नगरसेवकच नव्हते. प्रस्ताव ठेवणारे प्रशासन आणि मंजूर करणारेही तेच. एवढे एकमत तर जोडप्यांतही आढळत नाही. थोरल्या ग्रामसभाबाई वर्षातून किमान चारदा घराबाहेर पडतात, पण कित्येक गावांत कोरमअभावी तहकूब होतात. तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळे प्रोसिडिंग बुकात सगळे ठीकठाक असते.

ग्रामसभाबाईंचे खरे रूप पाहायचे तर गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) गाठावे. तिथे बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने ठरते. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुन्हा चर्चेला येतो. सभेआधी अभ्यासगट बसतो आणि कायदा वाचून काढतो. वनहक्क कायद्याखाली 2009 साली या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी वनखात्याशी झगडावे लागलेच. अखेर 2011 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ग्रामसभेचे नेते देवाजी तोफा यांच्या या गावाने कोणाच्या भाषणाची वाट पाहिली नव्हती. शहरातल्या पदवीधरांनी तिथे जाऊन एखादी सभा तरी ऐकावी. मात्र ती लांबते, तेव्हा परतीची एसटी चुकेल हे धरून चालावे.

असो. मंत्रालयातून हाक येण्याची वाट किती पाहणार? मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेची (सिनेट) पदवीधर मतदारसंघातली निवडणूकही 2023 साली एका रात्रीत स्थगित झाली होती. 2024 च्या सप्टेंबरात पुन्हा थांबवण्याचा घाट घातला गेला. काही जण उच्च न्यायालयात गेले आणि मतदान झाले. आपल्या मतदारांनीही हा रस्ता नीट पाहून ठेवावा.

कळावे, लोभ असावा.

ता. क. : लिंगडोह समितीने कॉलेज सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत आपल्याला बोलवायला सांगितले आहे आणि अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सारे दहा दिवसांत आटपायला. आपली तयारी दहा दिवसांची आहे.