तुमचं बी नको, त्यांचं बी नको

धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि त्यांपैकी कोणत्याही तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कार्यालयासमोरच्या, म्हणजे खरेदी-विक्रीचे दस्त ज्या कचेरीत नोंदवले जातात तिच्यासमोरच्या, चहाच्या हॉटेलात सकाळी अकराच्या सुमारास जो मनुष्यविशेष हमखास आढळतो, त्या प्लॉटच्या एजंटाकडे समाजशास्त्राने अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन मोबाइल, मोटारसायकलच्या डिकीत सातबाऱ्यांच्या नकला आणि काखेत ले-आउटच्या, म्हणजे मंजूर रेखांकनाच्या, नकाशाची गुंडाळी ही त्याची बाह्य लक्षणे होत. ही गुंडाळी उघडून-मिटून कडेला इतकी झिजलेली असते की मूळचा बारा मीटरचा रस्ता तिच्यावर नऊ मीटरांचा उरलेला असतो, आणि प्रत्यक्ष जागेवर तो सहा मीटरांचा निघाला तरी त्याला त्यात काही विसंगती वाटत नाही.

या वर्गाची उपजीविका नेमकी कशावर चालते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पुण्या-मुंबईत एजंटाचे भांडवल म्हणजे माहिती, कारण तिथे समोरच्या दारामागे कोण राहते हेही कोणाला ठाऊक नसते. इथे मात्र कोणाचा प्लॉट कुठे आहे, तो कितीला घेतला होता, त्यावर कोणाचा बोजा आहे आणि थोरल्या भावाची सही कोणत्या लग्नातल्या मानपानावरून अडली आहे, हे एजंटाच्या आधी साऱ्या गल्लीला माहीत असते. जे सर्वांकडे फुकट आहे ते विकून कोणाचा प्रपंच चालत नाही. तरीही व्यवहार बसला की दोन्ही बाजूंकडून टक्का-दोन टक्के त्याच्या हातावर पडतात, याचा अर्थ तो माहितीखेरीज दुसरे काही पुरवतो, आणि ते म्हणजे भीड मोडण्याची सेवा होय. विकणारा हा घेणाऱ्याच्या मेव्हण्याचा वर्गमित्र किंवा निदान आत्याच्या गावचा तरी निघतोच. ज्याच्या घरी परवाच बारशाचे जेवण झाले, त्याला तोंडावर ‘दोन लाख कमी करा’ म्हणणे रीतीला धरून नसते. नात्याला जे बोलता येत नाही ते बोलून दाखवण्याची मजुरी, हीच दलालीची या भागापुरती शास्त्रशुद्ध व्याख्या ठरते.

या सेवेला परंपरा आहे. शेळीच्या एका नामवंत जातीला ज्या जिल्ह्याने आपले उस्मानाबाद हे जुने नाव दिले, तिथल्या माणसाला जनावरांच्या बाजाराची रीत नवी नाही. या बाजारात उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवण्याची चाल होती, त्यामुळे भोवती उभ्या असलेल्या पंधरा माणसांना आकडा कळत नसे आणि कमी सांगितले म्हणून कोणाचा मानभंगही होत नसे. प्लॉटच्या व्यवहारात उपरणे गेले, परंतु आडोसा राहिला, आणि ‘बाजूला घेणे’ या क्रियेने त्याची जागा घेतली.

ही क्रिया जवळून पाहण्यासारखी असते. चहा झाल्यावर एजंट आधी विकणाऱ्याला लिंबाच्या झाडाखाली नेतो आणि खांद्यावर हात ठेवून सांगतो, “मालक, पाव्हणं पैसं घेऊन बसल्यात, आज उठलं तर परत येत न्हाईत.” मग तो घेणाऱ्याला मोटारसायकलीपाशी नेऊन तितक्याच कळकळीने सांगतो की कालच दुसरे गिऱ्हाईक आले होते, पण आपण शब्द टाकून थांबवले. दोन्ही विधाने खोटी आहेत हे दोघांनाही समजते आणि दोघांनाही बरे वाटते, कारण आता माघार घेतली तरी ती समोरच्याच्या नव्हे, एजंटाच्या शब्दाखातर घेतली असे म्हणता येते. तिसऱ्या फेरीनंतर तो मधोमध उभा राहून “तुमचं बी नको, त्यांचं बी नको” असे म्हणतो आणि जो आकडा तिघांच्याही मनात सकाळपासून होता तोच अचानक सुचल्यासारखा जाहीर करतो. लगेच इसार, म्हणजे व्यवहार पक्का झाल्याची आगाऊ रक्कम, मोजली जाते, पावतीवर साक्षीदार म्हणून हॉटेलमालकाची सही होते आणि कुंथलगिरीचे पेढे मागवले जातात. त्यांचे पैसे कोणी द्यायचे यावरून मात्र दोन्ही पक्षांत अगदी समोरासमोर, भीड न बाळगता, ओढाताण होते.

विकणाऱ्यांविषयी त्याचे चिंतन असे की गरजेपोटी घर विकणारा माणूस या जिल्ह्यात अद्याप जन्माला आलेला नाही. दवाखान्याचे बिल, उसाचे थकलेले पैसे, मुलीचे लग्न ही कारणे त्याला पूर्ण माहीत असतात. परंतु ‘का विकतात?’ या घेणाऱ्याच्या प्रश्नाला त्याचे उत्तर ‘बदली झाली’ हेच असते, मग विकणारा शेतकरी का असेना.

घेणाऱ्यांचे तो वयावरून वर्गीकरण करतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात लोहारा आणि उमरगा तालुक्यांतील दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदे, म्हणजे लाकडी सरांवर मातीचा थर दिलेली छपरे, झोपलेल्या माणसांवर कोसळली. ती पहाट पाहिलेली पिढी नळाच्या आधी कॉलम विचारते, आणि त्यांच्यासाठी तो कॉलमवर थाप मारून दाखवतो. या थापेने काय सिद्ध होते हे स्थापत्यशास्त्राला सांगता येणार नाही, पण त्या क्षणी तोही हसत नाही. पन्नाशीच्या आतले गिऱ्हाईक बोअरला पाणी किती हे विचारते, म्हणून त्याला तो शक्यतो श्रावणात नेतो. घर पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे २०२१ पासून उपलब्ध झालेले ज्ञान तो स्त्रीशक्तीवरील छोट्या प्रवचनासह देतो.

अंतर तो मिनिटांत मोजतो आणि मिनिटे रात्री दोन वाजताच्या मोकळ्या रस्त्यावरची धरतो. २०१९ मध्ये पायाभरणी झालेला सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्ग, कौडगावची औद्योगिक वसाहत आणि प्रस्तावित शक्तिपीठ महामार्ग हे तिन्ही त्याच्या प्रत्येक प्लॉटपासून दहा मिनिटांवर असतात. ज्यांची जमीन या महामार्गात जाणार त्यांच्या मोर्चातही तो पुढे असतो, कारण मोर्चातले निम्मे लोक त्याचे पक्षकार असतात.

कागदांच्या बाबतीत ‘किरकोळ आहे, होऊन जातं’ हे त्याचे सर्वसमावेशक मत असले, तरी निजामी राजवटीचा वारसा असलेल्या मराठवाड्यात काही गोष्टी किरकोळ नसतात. मंदिर-मशिदीच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश इनामे आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित न होणाऱ्या भोगवटादार वर्ग-२ च्या जमिनी येथे गावोगाव आहेत. शिवाय १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडून विकू देत नाही, आणि २०२३ मध्ये ही मर्यादा जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे ठरवली गेली. असल्या अटी सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात लिहिलेल्या असतात. सातबारा दाखवताना चांगल्या एजंटाचा अंगठा कागदाच्या कडेला असतो आणि वाईट एजंटाचा नेमका या रकान्यावर असतो. पारखण्याची याहून स्वस्त कसोटी उपलब्ध नाही.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ ने नोंदणीकृत प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची केली आणि महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्याच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आणली. चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतले वापरता येणारे क्षेत्र, कसे काढावे हे तो पाठ करतो आणि उत्तीर्णही होतो. लिंबाच्या झाडाखालच्या विद्येचा पेपर नसल्यामुळे तिच्यात मात्र तो अजून अनुभवानेच पदवीधर असतो.

या विद्येची मर्यादा त्याच्या स्वतःच्या घरखरेदीत उघडी पडते. मुलासाठी पुण्यात फ्लॅट घ्यायची वेळ आली आणि बिल्डर लोहाऱ्याकडचा, म्हणजे जवळजवळ पाहुण्यातलाच, निघाला की आयुष्यभर दुसऱ्यांचे भाव तोडणाऱ्या या माणसाला किंमत कमी करा म्हणण्याचा धीर होत नाही. तो चहा घेतो, गावाकडच्या पावसाची चौकशी करतो, बाहेर येतो आणि एक स्थानिक एजंट गाठतो. त्या एजंटाची दलाली निम्म्यावर आणताना मात्र त्याला तिळमात्र भीड पडत नाही.